वरच्या फळीवरचं पुडकं

खाला, तुला जाऊन आज एकोणतीस दिवस झाले. मी मोजत नव्हते, तुझ्या यजमानांनी, खालूंनी सांगितलं. तू गेल्यावर मी फारशी रडले नाही, हे कुणी तुला कळवलं तरी तुला नवल वाटणार नाही. "ह्या बाईच्या डोळ्यांना नळच बसवलेला नाही," असं तू माझ्यादेखत माझ्या आईला फोनवर सांगितलं होतंस. आई हसली होती, मीही हसले होते. तेव्हा रडण्याबद्दल काही लिहीत नाही. तुझ्या कफनाच्या कापडाबद्दल लिहितेय. ते मी कापलं. तीन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, तुझ्याच कात्रीने. त्याला दोन डोळे पाडले आणि माझ्या ओजसच्या अंगावर घातलं. आणि तीन वर्षांत हे तुला सांगितलं नाही.

आता पहिल्यापासून सांगते. गोष्ट मधूनच सुरू केलेली तुला आवडायची नाही.

आपली ओळख तुझ्या गुडघ्यामुळे झाली. नवऱ्याला रिफायनरीत नोकरी लागली म्हणून आम्ही इथे सौदीत, रास तनुऱ्याला आलो, रेवा तेव्हा जेमतेम वर्षाची होती, आणि मला इथल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्टचं काम मिळालं. पहिल्याच आठवड्यात तू आलीस. मी इमानेइतबारे हिंदीत विचारलं, "दर्द कब से है?" तू माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचलंस आणि म्हणालीस, "मराठीत विचार गो. गुडघा दापोलीचा आहे."

पाच मिनिटांत कळलं की तू आमच्याच कंपाउंडात राहतेस, गेटजवळच्या कोपऱ्यातल्या घरात. तुझे यजमान तिथले मेंटेनन्स सुपरवायझर. आमचा गळका एसी परवाच त्यांनी दुरुस्त केला होता. मी तुला 'मॅडम' म्हटलं तर तू खवळलीस. "मॅडम कोण? मावशी म्हणतेस तसं खाला म्हण. आणि अहोजाहो करायला मी काय तुझी सासू आहे?" त्या दिवसापासून तू खाला, ते खालू, आणि मुलांना बोलता यायला लागल्यावर तू नानी.

गुडघ्याचे व्यायाम मात्र तू एकदाही केले नाहीस. मी चित्रं काढून दिलेल्या कागदाच्या पाठीमागे तू कुणाच्या तरी ब्लाउजचं माप लिहून ठेवलंस. "पाय उचल, पाय उचल काय सांगतेस? मशीनवर दिवसभर पायच चालवते की मी." कंपाउंडातल्या निम्म्या बायकांचे कपडे तुझ्याकडे यायचे. कुणाची पँट आखूड करायची, कुणाची चेन बदलायची, कुणाचं लग्नातलं पोलकं उसवायचं. मी म्हणायचे, तो पाय वेगळा आणि हा व्यायाम वेगळा. तू म्हणायचीस, पाय एकच आहे. हे आपलं पहिलं भांडण आणि ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. अजूनही माझंच बरोबर होतं असं माझं मत आहे.

दुसरं भांडण भुतांवरून. ते दर ऑक्टोबरात व्हायचं.

आपल्याकडे ऑक्टोबर हीटला माणसं शिव्या घालतात. इथे ऑक्टोबर आला की दारं उघडतात. पाच महिने घुमत असलेले एसी बंद होतात आणि अचानक शेजाऱ्यांचे आवाज ऐकू येतात, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, कुणाचं तरी बाळ. मुलं सायकली बाहेर काढतात. तू ठेंगणं स्टूल घेऊन दाराबाहेर तुरपाई करत बसायचीस. खालूंचा एक ड्रायव्हर दोस्त बुरैद्याहून खजुराच्या पेट्या आणायचा, त्या तुझ्या पायाशी उघड्या पडलेल्या असायच्या, आणि येणारंजाणारं प्रत्येक पोर त्यात हात घालून जायचं. रेवा शाळेतून आली की आधी तिथे थांबायची, मग घरी यायची. तिचा डबा अर्धा का उरतो, हे मला वर्षभराने कळलं.

आणि मग महिनाअखेरीला ते हॅलोवीन. कंपाउंडात चाळीसेक घरं, तऱ्हेतऱ्हेच्या देशांची. पूर्वी हा खेळ पडदे ओढून चालायचा म्हणे, आता उघड चालतो. ग्रुपवर यादी फिरते, ज्यांना मुलं आलेली चालणार आहेत त्यांनी दाराला नारिंगी कागद लावायचा. तू कागद लावायचीस, पण वाद घालून. "वाघ करा, परी करा, भोपळा करा. मेलेल्या माणसाचं सोंग घेऊ नये. मेलेल्यांना ऐकू जातं."

"खाला, खेळ आहे गं."

"खेळच की. पण कुणाशी खेळतेस ते बघ."

माझी आई फोनवर तुझीच री ओढायची. पितृपक्ष होऊन महिना झाला नाही आणि ही पोरांना भुतं करते! तुमची दोघींची कधी भेट झाली नाही, पण मला बोलायचं म्हटलं की तुमचं लगेच सूत जमायचं.

बरं, भुतांच्या गोष्टी सर्वांत जास्त सांगणार कोण, तर तूच. खाडीतलं भूत, चिंचेवरचं भूत, होडीत मागे बसणारं भूत. मुलं तोंड उघडं टाकून ऐकायची. एकदा मी आमच्याकडच्या खवीसाची गोष्ट सांगायला घेतली तर तू सुई थांबवलीस. "तुमच्या गोष्टींत खवीस नेहमी मुसलमानच कसा काय गो? आमचे मेले की तेवढे भूत होतात, आणि तुमचे सगळे स्वर्गात?" तू खो खो हसत सुटलीस. याचं उत्तर मी अजूनही शोधतेय.

दारात आलेलं पोर रिकाम्या हाताने जाऊ नये, हा तुझा नियम होता, मग ते पोर भूत का असेना. तू खजुरातली बी काढून आत ओलं खोबरं भरायचीस आणि प्रत्येकाच्या बादलीत टाकायचीस. मुलांची तोंडं पडायची. रेवाने एकदा सरळ सांगितलं, "नानी, धिस इज नॉट कँडी."

"मग काय आहे?"

"इट्स फ्रूट."

"मग खा फ्रूट. दात राहतील तोंडात."

आता ती दुपार. ओजस तीन वर्षांचा होता. मी त्याच्यासाठी डायनासोरचा पोशाख मागवला होता, आणि त्याने दुपारी दोन वाजता शेपटी टोचते म्हणून तो काढून फेकला. त्याला भूत व्हायचं होतं. "व्हाइट घोस्ट. आईज वाला." आमच्या घरात एकही पांढरी चादर नव्हती. आईने लग्नात दिलेल्या सगळ्या चादरींवर फुलं. फुलाफुलांचं भूत त्याला चालेना. मी तुझ्याकडे पळाले.

तू रक्त तपासायला गेली होतीस. खालू बाहेर शिडीवर चढून एसीचा डबा उघडून बसले होते. मी शिडीपाशी उभी राहूनच विचारलं, "खालाकडे एखादं पांढरं कापड असेल का?" ते न बघताच म्हणाले, "कपाटात बघ की. घर कापडाचंच आहे." खालच्या फळ्यांवर लोकांचे कपडे होते, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचलेली. त्यांना हात लावायचा नाही एवढं मला कळत होतं. वरच्या फळीवर प्लॅस्टिकमध्ये बांधलेलं एक पुडकं होतं. आत पांढऱ्या सुती कापडाच्या पाच घड्या. मला वाटलं, अस्तराचं असणार. वरची एक घडी काढली, पुडकं होतं तसं बांधलं. मशीनवर तुझी ती काळ्या मुठीची मोठी कात्री पडली होती, जिने कागद कापला म्हणून तू खालूंशी आठवडाभर बोलली नव्हतीस. मी तिनेच कापड बेतलं आणि अंदाजाने दोन डोळे पाडले. पाच मिनिटांचं काम. संध्याकाळी तुला सांगू, नवीन आणून देऊ, एवढाच विचार डोक्यात होता.

मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजानंतर मुलं निघाली. तुझं घर शेवटचं. तू दार उघडलंस. समोर कमरेएवढं भूत उभं, तुझ्याच कफनात, आणि म्हणतंय, "ट्रिक ऑर ट्रीट, नानी!" तू त्याच्या डोक्यावर हात ठेवलास. मग कापडाची कड दोन बोटांत धरून चोळलीस. मला वाटलं, शिंपीकाम करणारीची सवय.

"कापड कुठनं आणलंस गो?"

"घरातच होतं. जुनं."

हे मी का बोलले, सांगू? शेजारी दोन बायका उभ्या होत्या. मी न विचारता तुझी कात्री वापरली होती, आणि तू त्यांच्यासमोर माझी खरडपट्टी काढशील अशी मला धास्ती वाटली. तेवढंच कारण. त्या वेळी ते कापड कसलं आहे हे मला ठाऊकही नव्हतं. तू "बरं" म्हणालीस आणि ओजसच्या बादलीत एकाऐवजी दोन खजूर टाकलेस.

दोन दिवसांनी गेटवर खालू भेटले. माझ्या हातात भाजीची पिशवी होती. ते म्हणाले, "तुझ्या खालाचं वरच्या फळीवरचं पुडकं कुणीतरी हलवलंय म्हणते. कफन आहे तिचं. उमऱ्याला गेलो तेव्हा जेद्द्याच्या बलद बाजारातून घेतलं, मक्केत जमजमच्या पाण्यात भिजवलं आणि हॉटेलच्या गच्चीवर वाळवलं. वारा होता, उडू नये म्हणून मी दोन तास टोकं धरून बसलो होतो. तू आली होतीस ना त्या दिवशी? तुला काही दिसलं?"

मी म्हटलं, "नाही, खालू."

पहिलं खोटं कात्रीच्या भीतीने होतं. हे दुसरं कशाने होतं, मला सांगता येणार नाही. तोंडातून निघून गेलं. घरी गेले तर ते कापड ओजसच्या पलंगाखाली बोळा होऊन पडलं होतं, चॉकलेटचे डाग घेऊन. धुतलं. डाग गेले, भोकं कशी जाणार? बाजारात जाऊन तसंच कापड शोधलं. पण जमजमचं काय? ओजसला ताप आला होता तेव्हा तूच दिलेली जमजमची बाटली आमच्या फ्रिजमध्ये होती, त्यात निम्मं पाणी उरलं होतं. माझ्या हातून भिजवलेलं चालतं का, हे मी कुणाला विचारणार होते? बाटली बादलीत ओतली, तेवढ्यात कापड भिजेना, म्हणून नळाचं पाणी घालून वाढवलं. आपण वेळेला आमटी वाढवतो तसं. मग एक दिवस तू मला कपाटातून दोऱ्याचं रीळ आणायला पाठवलंस, तेव्हा मी ती घडी पुडक्यात सरकवली. भोकाची घडी आमच्या मोठ्या बॅगेत तळाशी गेली, पासपोर्टांच्या खाली. नवऱ्यालाही बोलले नाही.

त्यानंतर दोन शुक्रवार तुझे घावन आले नाहीत. एरवी शुक्रवारी सकाळी नऊच्या आत डबा हजर असायचा. तू म्हणालीस, गुडघा दुखतोय. मी म्हटलं, व्यायाम कर. तू फोन ठेवून दिलास. तिसऱ्या शुक्रवारी मात्र स्वतःच बोलावलंस. "ये इकडे. कात्री चालवायची एवढी हौस आहे तर नीट शिकून घे." आता सगळं निघणार, असं मला वाटलं. तर तू पुढे म्हणालीस, "त्या भुताचे डोळे बघितले मी. एक कपाळावर आणि एक गालावर. असं कापतात?" मला इतकं हायसं वाटलं! तू माझ्या हाताला नावं ठेवत होतीस, बाकी काही नाही, असं मी धरून चालले.

तसे आपले शुक्रवार सुरू झाले. तीन वर्षं. कापडाचा उभा धागा कुठला, आडवा कुठला. कापण्याआधी दोनदा मापायचं. शिवणीला माया सोडायची, पोरांच्या कपड्यांना जरा जास्तच. तुरपाई, काज, रफू. माझा रफू तू चारदा उसवलास. मला शिवणकामाची काडीची आवड नव्हती, पण तुझ्यासमोर ती दुपार बसून काढणं मला आवडायचं. मशीनचा आवाज, खिडकीतून येणारा समुद्राचा वारा, बाहेर मुलांची आरडाओरड, आणि तुझं अखंड बोलणं. माझ्या आयुष्यात इतकी निवांत दुपार दुसरी कुठली नव्हती. हे तुला कधी म्हटलं नाही, ते आता म्हणते.

तू मध्येच काहीतरी बोलायचीस. एकदा काज करताना म्हणालीस, "पोटात काही ठेवू नये गो. त्रास होतो." मी म्हटलं, ओवा खा. गेल्या दिवाळीत फराळाला आलीस, दोन चकल्या खाल्ल्यास आणि म्हणालीस, "माझं वरच्या फळीवरचं पुडकं तुला ठाऊक आहे ना? मी गेले की तूच काढून दे. ह्यांना समोरचं सापडत नाही." मी म्हटलं, "सणासुदीचं काहीतरी अभद्र बोलू नकोस," आणि कढईतलं तेल बघायला आत गेले. कढई कधीच उतरवली होती. मी गार तेलापुढे उभी राहिले, तू जाईपर्यंत.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी खालूंचा फोन आला. मी हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलं होतं. हृदय, म्हणाले. आणि मी आठ वर्षं गुडघ्याच्या मागे लागले होते. आठ नाही, सात. तू असतीस तर दुरुस्त केलं असतंस.

पुढे कागद. हॉस्पिटलचा कागद, राहण्याच्या परवान्याचा इकामा, नोकरी देणाऱ्या कफीलचं पत्र, वकिलातीची परवानगी. तीन दिवस लागले. चौतीस वर्षं इथे काढलेला माणूस, प्रत्येक ऑफिसातला शिपाई ओळखीचा, पण त्या तीन दिवसांत खालू नुसते बसून होते. माझा नवरा त्यांना गाडीत घालून दारोदार नेत होता. तुझी मुलगी दापोलीहून व्हिडिओवर बोलत होती. मी तुझ्या स्वयंपाकघरात येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी चहा करत होते. पुडकं पलीकडच्या खोलीत, वरच्या फळीवर. तीन दिवसांत मला केव्हाही बोलता आलं असतं. खालू, त्यातली एक घडी खोटी आहे, खरी माझ्याकडे आहे, तिला भोकं आहेत. मी बाथरूमच्या आरशासमोर हे तोंडी परीक्षेसारखं पाठ केलं. मग बाहेर येऊन विचारलं, "साखर किती?"

तिसऱ्या दिवशी खालू म्हणाले, "तू काढ. तिने सांगून ठेवलंय." मी स्टुलावर चढले, पुडकं काढलं आणि अंघोळ घालायला आलेल्या दोन बायकांच्या हातात दिलं. त्यांनी घड्या मोजल्या. पाच. एक म्हणाली, "खलास," म्हणजे झालं, बाईच्या कफनाला पाचच लागतात. मी घरी आले आणि मुलांचे डबे घासले. खाला, त्या दिवशी मला दुःखापेक्षा लाज जास्त वाटत होती. हे लिहितानाही वाटतेय.

मुलांनी आपापल्या परीने विचारलं. रेवा आता आठ वर्षांची आहे, तिने एकदाच विचारलं आणि मग तुझ्या दारापुढून जाताना सायकलवरून उतरून चालायला लागली. ओजस सहाचा. त्याने जेवताना विचारलं, "मम्मा, नानी घोस्ट बन गयी क्या?" मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, माहीत नाही. त्याने थोडा विचार केला. "मैं घोस्ट नहीं बनूँगा. शी डजंट लाइक इट." मग काय व्हायचंय, तर म्हणे खेकडा. मी दोघांचे पोशाख स्वतः शिवले. रेवाचं वटवाघूळ, ओजसचा नारिंगी खेकडा. मापं दोनदा घेतली. खेकड्याला माया जास्त सोडली, पुढच्या वर्षीही होईल. एक नांगी जरा वाकडी झालीय.

काल हॅलोवीन होता. दुपारी मुलं झोपलेली असताना मी बॅगेच्या तळातून ती घडी काढली, पिशवीत घातली आणि तुमच्याकडे गेले. खालू खजुरातल्या बिया काढत बसले होते. दाराला नारिंगी कागद लावलेला होता. मला बघून म्हणाले, "खोबऱ्यात साखर घालते की नाही गो ती?" मी म्हटलं, नाही. आणि मग उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कात्री, दार, गेट, बाजारातलं कापड, सगळं. एका दमात. त्यांचे हात थांबले नाहीत.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"उशीर केलास."

मी खाली बसले. ते म्हणाले, "तिनं त्याच संध्याकाळी ओळखलं. दारातच. आत येऊन मला म्हणाली, माझं कफन चाळीस घरं फिरून आलं. आधी रडली. मग तुझ्यावर चिडली. मग पोराचे ते डोळे आठवून हसायला लागली, ती हसता हसता ठसका लागला. गेटवर मला तिनंच पाठवलं होतं. म्हणाली, विचारा, ती सांगेल."

"आणि मी नाही म्हटलं."

"म्हटलंस. मग तू नवीन ठेवलंस तेही तिला कळलं. धागा जाड आहे म्हणाली. मी म्हटलं, काढून टाक, दुसरं आणू. तर म्हणाली, राहू दे, माझ्यासाठी आणलंय तिनं."

"मग मला बोलली का नाही?"

"मीही तेच म्हणायचो. तिचं म्हणणं, मी विषय काढला तर ती माफी मागून मोकळी होईल, आणि तिला स्वतःहून सांगायचं राहूनच जाईल. तिला सांगू दे. दर वर्षी गरमी संपली की म्हणायची, या वर्षी सांगेल बघ. तुला कात्री कशाला शिकवली मग? इतक्या बायका मागे लागल्या होत्या, कुणाला शिकवलं तिनं?"

ओवा खा म्हटलं होतं मी तुला.

मग मी त्यांना राहिलेलं बादलीचंही सांगितलं. अर्धी बाटली जमजम आणि वर नळाचं पाणी. खालूंचे हात थांबले. "नळाचं?" मी मान हलवली. "आपल्या ह्या कंपाउंडातल्या नळाचं? त्या टाकीतलं?" आणि ते हसायला लागले. अठ्ठावीस दिवसांत पहिल्यांदा. हाताला खजूर चिकटला होता म्हणून डोळे कोपराने पुसले. माझेही डोळे वाहायला लागले, खाला. नळ बसवलेला आहे म्हणायचा. तू बघायला हवी होतीस.

संध्याकाळी मुलं नेहमीसारखी सगळ्यांत शेवटी तुमच्याकडे आली. खालूंनी दार उघडलं. खेकड्याला बघून म्हणाले, "वा, हर्णैचा दिसतोय." दोघांच्या बादलीत खजूर टाकले. खोबरं बाहेर आलेलं, एकात बी तशीच राहिलेली. रेवाने तिथेच एक तोंडात घातला. "थँक यू, खालू नाना," म्हणाली. फ्रूट आहे असं म्हणाली नाही.

पण दुपारचं एक सांगायचं राहिलं. निघताना मी पिशवीतून ते कापड काढलं आणि म्हटलं, "मी रफू करून देते, खालू. तिनेच शिकवलंय. कळणारही नाही." त्यांनी हात धुतले, पुसले, घडी उलगडली आणि खिडकीच्या उजेडात धरली. मग चेहऱ्यापुढे धरून भोकांतून माझ्याकडे बघायला गेले. "एकाच डोळ्यानं दिसतंय," म्हणाले. मग त्यांनी त्याची पहिल्याच घडीवर घडी घातली, स्टुलावर चढले आणि तुझ्या रिकाम्या फळीवर ठेवून दिली.

"रफू नको. हे आता माझं कफन. वाळेपर्यंत मीच धरून बसलो होतो."

"पण भोकं आहेत, खालू."

"असू देत गो. तिकडे गर्दी असणार. तिला शोधायला उपयोगी पडतील."